करणी कोणाची?

मराठी भाषेत 'करणी' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. 'करणी तशी भरणी' या म्हणीत तो मनुष्याच्या स्वतःच्या कृत्यास लावलेला आहे. ज्याने केले त्यानेच भोगावे, असा त्या म्हणीचा सरळ न्याय आहे. परंतु घरची म्हैस आटली, मूल दिवसेंदिवस वाळू लागले, किंवा नवी सून दातखीळ बसून पडली, अशा प्रसंगी तोच शब्द उच्चारला म्हणजे त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. तेथे भोगणारा एक आणि करणारा दुसराच. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय होय. कारण पहिल्या अर्थावरून दुसऱ्या अर्थावर घसरणारा समाज निरपराध मनुष्याचा जीव घेऊ शकतो, आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर यावयाचे म्हटले म्हणजे त्याला कित्येक पिढ्या लागतात, असे इतिहासात दिसून येते.

हदगावच्या आसपास, पैनगंगेच्या या तीरावर, आणि एकंदरीत नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या दुसऱ्या अर्थाच्या करणीचे एक विशेष नाव आहे. ते म्हणजे भानामती. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेट घेतात, शिजल्या अन्नात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, आणि बायका कुत्र्याप्रमाणे भुंकू लागतात, अशी तिची लक्षणे सांगण्यात येतात. सुशिक्षित वाचक ही वर्णने ऐकून हसतो किंवा हळहळतो, आणि 'अज्ञान' या एका शब्दात सर्व प्रकरण निकालात काढतो. आमचे त्याच्याशी मोठे भांडण नाही, अज्ञान आहेच. पण अज्ञान सर्वकाळ असते आणि भानामती एखाद्या गावी एखाद्या वर्षीच उठते, याचा उलगडा त्या शब्दाने होत नाही. तो व्हावा म्हणून आम्ही वाचकांस थोडे दूर नेणार आहोत. ज्या एका गावच्या अशाच प्रकरणावर आजवर सर्वांत अधिक लिहिले गेले, जेथील जबान्यांचे कागद जतन झाले आहेत, आणि ज्यावर विद्वानांनी व नाटककारांनी आपापली बुद्धी चालवून पाहिली आहे, ते गाव म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीमधील सेलम. तामिळ देशातील सेलमशी त्याचा काही संबंध नाही.

सेलमचे लोक प्युरिटन, म्हणजे शुद्धाचाराचा कडक आग्रह धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. इ. स. 1692 च्या आरंभी तेथील धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस याच्या घरी त्याची लहान मुलगी बेटी आणि भाची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग पिळवटीत, कोणी चावते व टोचते आहे असे म्हणत. औषध लागू पडेना, तेव्हा हे दुष्ट हाताचे काम आहे असे निदान झाले; आमच्याकडे ज्यास 'बाहेरचे' म्हणतात, तेच. मग प्रश्न निघाला की, हात कोणाचा? मुलींनी तीन नावे घेतली. पहिली टिट्युबा, पॅरिसच्या घरची गुलाम स्त्री. दुसरी सारा गुड, दारोदार मागून खाणारी. तिसरी सारा ऑस्बर्न, जिच्या वतनाचा तंटा चालू होता. टिट्युबेने 1 मार्च रोजी गुन्हा कबूल केला आणि आपल्या सोबत आणखीही आहेत असे सांगितले. तेथून जी नावांची माळ लागली, तीत दीडशेहून अधिक माणसे गोवली गेली. सारा गुडच्या चार-पाच वर्षांच्या मुलीसही बेड्या घालून तुरुंगात ठेवले. एकोणीस जणांस फाशी झाली. त्यांत चौदा स्त्रिया होत्या. जाइल्स कोरी नावाच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने न्यायालयापुढे उत्तरच देण्याचे नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला चिरडून मारले. तुरुंगात मेले ते निराळेच.

या खटल्यांत दोन गोष्टी विशेष ध्यानात धरण्यासारख्या आहेत. पहिली पुराव्याची. आरोपी घरी निजलेला असला तरी त्याच्या छायारूपाने येऊन मला छळले, असे पीडित मुलीने म्हटले की ते न्यायालयात ग्राह्य धरले जाई. असे छायारूप तिच्यावाचून कोणासच दिसत नाही, तेव्हा त्याचे खंडन कसे करावे? दुसरी गोष्ट शिक्षेची. ज्यांनी चेटूक केल्याचे कबूल केले ते बहुतेक वाचले, आणि 'आम्ही निरपराध आहो' असे जे शेवटपर्यंत म्हणत राहिले ते फासावर गेले. रिबेका नर्स ही सुमारे सत्तर वर्षांची, सर्व गावात धर्मशील म्हणून ओळखली जाणारी वृद्धा. पंचांनी तिला प्रथम निर्दोष ठरविले. तोच मुलींनी आक्रोश मांडला, न्यायाधीशांनी पंचांस फेरविचार करावयास सांगितले, आणि निर्णय फिरला. 19 जुलै 1692 रोजी तिला फाशी देण्यात आली.

असे का घडले? याचे उत्तर देणाऱ्यांची तेथे मोठी परंपराच आहे; त्यांपैकी काहींची येथे परीक्षा करू. 1976 साली लिंडा कॅपोरेल या विदुषीने असे मांडले की, मुलींचे झटके राय नावाच्या धान्यावरील विषारी बुरशीमुळे आले असावेत. ही बुरशी म्हणजे अरगट. बाजरीच्या कणसावर पडणारा तिचा भाऊबंद आमच्या शेतकऱ्यांस चांगला ठाऊक आहे. कल्पना चित्तवेधक खरी. पण त्याच वर्षी तिजवर आक्षेप आले, व ते आम्हांस बळकट वाटतात. एका घरचे धान्य खाऊन एकीलाच बाधा व्हावी, तीही आरोपी समोर आला की उठावी आणि त्याच्या स्पर्शाने शमावी, असे विष कोठे असते काय? शिवाय विषाने झटके येतील. शेजारणीचे नाव तोंडात येणार नाही. ते दुसऱ्याच कोठून तरी येते.

पॉल बॉयर व स्टीफन निसेनबॉम या दोघा इतिहासकारांनी 1974 साली ती दुसरी जागा दाखविली. सेलम खेड्यात दोन तट होते. एक पटनम घराण्याभोवतीचा, शेतीवर विसंबलेला व खालावत चाललेला. दुसरा पोर्टर घराण्याभोवतीचा, सेलम शहराच्या व्यापाराशी जोडलेला व चढता. पॅरिसला पगार आणि जळणाची लाकडे द्यावीत की नाही, यावरूनही गाव दुभंगले होते. पुढील अभ्यासकांनी या दोघांनी काढलेला गावचा नकाशा पुन्हा तपासून त्यांच्या अनुमानास मर्यादा घातल्या. तथापि आरोप आकाशातून पडत नाहीत, ते बांधावरून आणि चावडीवरून येतात, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त खोडला गेला असे आम्हांस वाटत नाही. कॅरोल कार्लसन यांनी 1987 साली आणखी एक बाजू पुढे आणली. ज्या स्त्रियांस भाऊ किंवा मुलगा नव्हता, आणि म्हणून ज्यांच्याकडे मालमत्ता आली होती किंवा येणार होती, अशांवर न्यू इंग्लंडात हा आरोप विशेष येई. आमच्या सातपुड्यातील 'डाकीण' प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना विधवेच्या जमिनीचे हे सूत्र नवे वाटणार नाही. मेरी बेथ नॉर्टन यांनी 2002 साली सरहद्दीवरील युद्धाकडे बोट दाखविले. उत्तरेकडे वसाहतीची गावे जळत होती. तेथून पळून आलेली, आईबाप गमावलेली माणसे सेलमच्या आसपास होती, आणि ज्यांच्या नाकर्तेपणामुळे युद्ध बिघडले तेच अधिकारी न्यायासनावर होते.

ही सर्व उत्तरे वाचून झाल्यावर आम्हांस एक गोष्ट खटकते. प्रत्येक संशोधक आपापल्या परीने 'हात कोणाचा?' याच प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो. कोणी म्हणतो बुरशीचा, कोणी पटनमांचा, कोणी अधिकाऱ्यांचा. विद्वत्तेचा दर्जा अर्थात सारखा नाही. पहिल्या उत्तरात आणि बाकीच्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी ज्या खोडीने सेलमचा घात केला, ती म्हणजे पुष्कळांच्या दुःखास एक कर्ता शोधण्याची खोड, तिची सावली या ग्रंथांवरही अधूनमधून पडते.

ती सर्वांत स्पष्ट दिसते आर्थर मिलर याच्या 1953 च्या 'द क्रुसिबल' या प्रसिद्ध नाटकात. त्या काळी अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध चालू होता, आणि माणसांस बोलावून सोबत्यांची नावे सांगण्यास भाग पाडले जात होते. त्या प्रकारास मिलरने सेलमचा आरसा दाखविला. नाटक जोरकस आहे. त्यातील जॉन प्रॉक्टर हा नायक इतरांची नावे घेण्यास नकार देतो, तो प्रवेश वाचून ज्याचे मन हलणार नाही असा वाचक विरळा. पुढे 1956 साली मिलरलाही तसेच बोलाविण्यात आले आणि त्यानेही नावे सांगितली नाहीत. त्याबद्दल त्यास 1957 साली दोषी धरले गेले व 1958 साली तो निर्णय रद्द झाला. लेखणीने लिहिले ते देहाने पाळणारे लेखक सर्वत्र थोडेच. इतके मान्य करूनही आमचा एक आक्षेप राहतोच. इतिहासातील ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची पोर आणि प्रॉक्टर साठीचा म्हातारा. मिलरने तिला सतरा वर्षांची व त्याला तिशीतला केले, दोघांत प्रेमप्रकरण घातले, आणि तिच्या मत्सरातून सारा अनर्थ ओढवला असे दाखविले. नाटककारास कल्पनेची मोकळीक असते. वय बदलल्याचा दोष आम्ही देत नाही. पण याचा परिणाम काय झाला? गावाच्या पापाचा भार एका मुलीच्या माथी आला. चेटकिणीच्या शोधाचा धिक्कार करावयास निघालेल्या नाटकानेच शेवटी एक चेटकीण उभी केली! प्रेक्षक ॲबिगेलचा तिरस्कार करीत घरी जातो. तिला 'नाव सांग, नाव सांग' म्हणून विचारीत बसलेल्या प्रतिष्ठित मंडळींमध्ये आपणही असतो, हे त्याच्या मनात येत नाही.

हा 'नाव सांग' म्हणण्याचा प्रकार आमच्या बाजूच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. सून भुंकू लागते. तिच्या मनातला कोंडमारा कोणत्या शब्दांनी सांगावा, हे तिला कोणी शिकविलेले नसते, आणि शब्दांनी सांगितला असता तर तो ऐकून घेण्यास घरात कोणी बसले असते असेही नाही. भुंकू लागल्यावर मात्र सारे गाव गोळा होते. पण तेव्हाही 'बाई, तुला काय होते?' असे कोणी विचारीत नाही, 'कोणी केले?' असे विचारतात. मांत्रिक विचारतो, सासरा विचारतो, आळीतले विचारतात. शेवटी ती एक नाव घेते, आणि ते नाव बहुधा ज्याच्याविषयी आधीच कुजबुज चालू असते त्याचेच असते. पुढची पायरी मारहाणीची. शेजारच्या तेलंगणात अशा संशयावरून माणसांचे दात पाडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दात नसले म्हणजे मंत्र नीट उच्चारता येत नाही, अशी समजूत!

येथे एका उलट्या रीतीचा उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी भानामतीविषयी लिहिताना तिच्यामागे बहुधा त्याच घरातील एखाद्या त्रासलेल्या माणसाचा हात असतो, असे दाखविले आहे. दगड आपोआप पडत नाहीत. बिब्ब्याचे तेल कातडीस लागले की फोड येतो, त्यास मंत्र लागत नाही. पण असा हात सापडल्यावर कार्यकर्त्यांची रीत अशी की, त्या व्यक्तीशी एकान्तात बोलावे, तिचे दुःख समजून घ्यावे, प्रकार थांबवावा, आणि तिचे नाव चारचौघांत फोडू नये. आम्हांस या रीतीत मोठे शहाणपण दिसते. साऱ्या गावाला नाव हवे असते, आणि ज्याला ते खरोखर ठाऊक असते तो ते देत नाही. कर्ता मिळाला की गाव सुटते. नाव न मिळाल्यानेच त्याला स्वतःकडे पाहावे लागते. मिलरच्या प्रॉक्टरने नाटकात जे केले, ते आमच्याकडील कार्यकर्ते टाळ्यांवाचून खेडोपाडी करीत आले आहेत.

आता उत्तरकांडाकडे वळू. सेलमची खरी शिकवण, आमच्या मते, कारणांत नसून येथे आहे. ऑक्टोबर 1692 मध्ये गव्हर्नर फिप्स याने ते विशेष न्यायालय बंद केले. जानेवारी 1693 पासून नव्या न्यायालयाने छायारूपाचा पुरावा धरला नाही, आणि बहुतेक आरोपी सुटले. इतके झाल्यावर 'झाले गेले गंगेला मिळाले' म्हणून लोक स्वस्थ बसते तर ते मनुष्यस्वभावास धरूनच झाले असते. मुख्य न्यायाधीश स्टाउटन तसाच बसला. त्याने चूक म्हणून कधी मानली नाही. पण 14 जानेवारी 1697 रोजी वसाहतीने प्रायश्चित्ताचा उपवास पाळला. त्या दिवशी सॅम्युएल सेवॉल हा न्यायाधीश बोस्टनच्या प्रार्थनामंदिरात सर्वांदेखत उभा राहिला, आणि दोष व लाज आपल्या शिरावर घेणारे त्याचे निवेदन धर्मोपदेशकाने वाचून दाखविले. खटल्यातील बारा पंचांनीही लेखी क्षमा मागितली. 1706 साली ॲन पटनम, जी 1692 साली बारा वर्षांची असून आरोप करणाऱ्यांत अग्रभागी होती, तिने देवळात उभे राहून पश्चात्ताप सांगितला. मात्र तिच्या निवेदनात आपल्याला सैतानाने भ्रमात पाडले असे आहे. म्हणजे कबुली देतानाही एक कर्ता बाहेर राहिलाच. सेवॉलने तसा कोणी ठेवला नाही, म्हणून आम्ही त्याची कबुली श्रेष्ठ मानतो.

1711 साली वसाहतीने पुष्कळांचे दोषनिर्णय रद्द केले व त्यांच्या घराण्यांस सुमारे 578 पौंड भरपाई मंजूर केली. 1712 साली धर्मसंघाने रिबेका नर्सचा बहिष्कार मागे घेतला. तिला मरून वीस वर्षे झाली होती. काही नावे तरीही राहून गेली, आणि शेवटचे, एलिझाबेथ जॉन्सन हिचे, 2022 साली शाळेतील मुलांच्या खटपटीने निर्दोष ठरले. तीनशेतीस वर्षांनी! एवढ्या काळानंतर त्या बाईस याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. तिला नाही, तिच्या गावाला आहे.

प्युरिटनांची शिकवण मुळात अशी होती की, संकट आले तर ते आपल्याच पापाचे फळ समजून उपवास करावा, अंतःकरण शोधावे. 1692 साली त्यांनी ते सोडले आणि दोष शेजारणीच्या दारात टाकला. 1697 साली तो पुन्हा आपल्या घरी आणला. आमच्याकडेही प्रारब्धाची शिकवण काही कमी जुनी नाही. पण प्रारब्ध म्हटले तर दोष आपल्याकडे येतो, आणि करणी म्हटली की तो कुंपणापलीकडे जातो. म्हणून सोसवेनासे झाले की प्रारब्धवादी मनुष्यही मांत्रिकाच्या दारी जातो. दुखणे दोघांसही सारखेच. सोय मात्र दुसऱ्यात अधिक.

मग सेलमला जे साधले ते आमच्या खेड्यांस का साधू नये? एक अडचण आहे, आणि ती उघड असूनही तिजकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सेलममध्ये अन्याय न्यायालयाने केला, म्हणून तो कागदावर राहिला, आणि कागदावर होता म्हणूनच तो रद्द करता आला. भानामतीच्या संशयिताचा न्याय पारावर होतो. त्याची ना फिर्याद, ना जबानी, ना निकाल. त्याला कोणी दोषी ठरविल्याची नोंद नाही, तेव्हा निर्दोष तरी कोणी व कशाने ठरवावे? मार बसलेला मनुष्य परत गावात राहतो. लोक त्याच्याशी बोलूही लागतात. पण त्याच्या नातीच्या सोयरिकीच्या वेळी 'ते घर' हा शब्द पुन्हा निघतो.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते किंवा रोगराई पसरविते, असे भासविणे, आणि जारणमारण, करणी किंवा चेटूक यांच्या नावाखाली कोणास मारहाण करणे, नग्न धिंड काढणे किंवा त्याच्या रोजच्या व्यवहारांस बंदी करणे, हे या कायद्याने गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. या कायद्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. त्याच्यामुळे निदान फिर्यादीचा कागद तरी होऊ लागला. पण कायदा मारणाऱ्या चार हातांस शिक्षा करील. पाहत उभ्या असलेल्या गावास तो हात लावू शकत नाही. आणि त्या चौघांस शिक्षा झाली की उरलेले गाव निःश्वास टाकते: चला, कर्ते सापडले! म्हणजे जुनीच खोड नव्या रूपाने पुरी होते.

म्हणून जेथे जेथे असा प्रकार घडला असेल, तेथील ग्रामसभेने एक साधा ठराव आपल्या वहीत लिहून ठेवावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. त्यात देवाचे नाव नको, भुताचे नको, मांत्रिकाचेही नको. अमुक घरावर आलेला आळ खोटा होता, आणि तो आम्ही घेतला, एवढेच असावे. त्याखाली गावच्या मानकऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांच्या सह्या असाव्यात. कारण त्या रात्री आपण दार लावून आत बसलो होतो. नातीच्या सोयरिकीस आलेल्या पाहुण्यांपुढे ती वही उघडून ठेवता यावी, एवढ्यासाठी तरी तो ठराव व्हावा.